ड्रायव्हरचा डोळा

मुंबईहून निघालेली गाडी मनमाडला पोहोचली की डब्यात एकच गडबड उडते. कुणाला शिर्डीसाठी उतरायचे असते, कुणाला दौंडकडची गाडी धरायची असते, कुणाला संभाजीनगर-नांदेडचा रस्ता पकडायचा असतो. आणि ज्यांना पुढे भुसावळकडे जायचे ते खिडकीतून चहावाल्याला हाका मारीत असतात. दौंडचा फाटा इथून १८७८ साली सुरू झाला. हैदराबादकडे जाणारा मीटरगेजचा रस्ता विसाव्या शतकाच्या तोंडावर आला, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. रात्री फलाटाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले, तर रुळांच्या जाळ्यावर लाल, पिवळे, हिरवे दिवे दिसतात. तुम्हाआम्हाला ती आरास वाटते. इंजिनात बसलेल्या माणसाला मात्र ते दिवे वाचायचे असतात, आणि त्यांतला आपला कोणता, हेही ओळखायचे असते.

रेल्वेच्या कागदोपत्री त्याला आता 'लोको पायलट' म्हणतात. आपल्या तोंडी तो अजून ड्रायव्हरच आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात तीस मीटर पुढे जाते. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागला, तर तेवढ्यात दहा मीटर रूळ मागे पडलेला असतो. शिवाय ब्रेक लावला म्हणून गाडी जागच्या जागी थांबत नाही. तिला थांबायला जवळजवळ एक किलोमीटर लागू शकतो. म्हणजे सिग्नल जवळ आल्यावर कळून उपयोग नाही, तो दुरूनच कळला पाहिजे. मागच्या डब्यांतून शेकडो माणसे निर्धास्त झोपलेली असतात ती या डोळ्यांच्या भरवशावर.

म्हणून या माणसाला नोकरीत घेताना, सोनाराने सोने पारखावे तसे रेल्वे त्याचे डोळे पारखून घेते. वैद्यकीय वर्गवारीत हा पहिला वर्ग, 'ए-वन'. आपण चष्म्याच्या दुकानात जातो, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि 'सिक्स बाय सिक्स' ऐकून खुशीत घरी येतो. ए-वनच्या उमेदवाराची एवढ्यावर सुटका नाही. लांबचे, जवळचे, रंगाचे, रात्रीचे, संधिप्रकाशातले आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याचे, अशा निरनिराळ्या परीक्षा त्याला द्याव्या लागतात. इतक्या कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर डोळ्याच्या रचनेतच आहे. ज्याला आपण 'नजर' म्हणतो ते पाचसहा वेगवेगळ्या कामगारांचे काम आहे, आणि त्यांतला एखादा जन्मापासून गैरहजर असला तरी बाकीचे त्याची कागाळी करीत नाहीत. या कामगारांची आता ओळख करून घेऊ.

काच आणि भिंग

मोठ्या माणसाचा डोळा म्हणजे सुमारे चोवीस मिलिमीटर व्यासाचा गोळा, मोठ्या बोराएवढा. त्याच्या तोंडाशी घड्याळाच्या काचेसारखी फुगीर, पारदर्शक पापुद्र्याची खिडकी असते. तिला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. हिच्यात एकही रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी आली की काच गढूळ झाली. तिला लागणारा प्राणवायू ती बहुतांशी अश्रूंच्या पातळ थरातून थेट हवेतून घेते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून एकत्र आणण्याचे काम भिंग करते अशी आपली समजूत असते. पण त्या कामाचा दोन तृतीयांश वाटा या खिडकीचाच असतो.

खिडकीमागे बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्याच्या मधोमध बाहुलीचे छिद्र. भर उन्हात हे छिद्र दोन मिलिमीटरपर्यंत आकसते आणि काळोखात आठ मिलिमीटरपर्यंत पसरते. म्हणजे आत येणाऱ्या उजेडाची वाट सोळापट रुंद होते.

त्यामागे भिंग. त्याच्याभोवती स्नायूंचे एक कडे असते आणि त्या कड्याला ते बारीक तंतूंनी टांगलेले असते. तुम्ही मनमाडच्या फलाटावरून लांबच्या हडबीच्या शेंडीकडे पाहता तेव्हा कडे सैल असते, तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. मग हातातले तिकीट वाचायला घेतले की कडे आवळते, तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्या लवचिकपणाने फुगते. दहा वर्षांचे पोर नाकासमोर सात-आठ सेंटिमीटरवर धरलेले पुस्तकही वाचू शकते. पुढे भिंग वर्षागणिक कडक होत जाते, आणि चाळिशी ओलांडता ओलांडता वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते. इतर भाषांत या चष्म्याला काय म्हणतात ते असो. मराठीने त्याला थेट 'चाळिशी' म्हणून शरीरशास्त्र अचूक सांगून टाकले आहे.

याच लवचिक भिंगामुळे तरुणपणी एक दोष बेमालूम लपून राहतो. ज्याचा डोळा किंचित आखूड आहे, त्याला लांबचे पाहतानाही भिंग फुगवावे लागते. विशीत ते सहज जमते आणि तो तक्ता धडाधड वाचतो. पण तेवढ्याने परीक्षक फसत नाही. तो उमेदवाराच्या डोळ्यांसमोर दोन नंबरची फुगीर काच धरतो. निर्दोष डोळ्याला आता धूसर दिसले पाहिजे. ज्याला त्या काचेतूनही शेवटची ओळ स्वच्छ दिसते त्याचा दोष उघडा पडतो आणि तो नापास होतो! ज्या परीक्षेत न दिसणारा पास होतो अशी ही बहुधा एकच परीक्षा असेल. त्याला आज चष्मा नको असला तरी पुढे तो लवकर लागणार, हे त्या काचेने सांगून टाकलेले असते.

इथे आईबापांना एक सूचना. ए-वनसाठी भरतीच्या वेळी चष्म्याशिवायच सहाला सहा दिसावे लागते, आणि लेसरची शस्त्रक्रिया करून चष्मा घालवलेला उमेदवार या वर्गाला चालत नाही. मुलाच्या मनात इंजिन असेल, तर शस्त्रक्रियेवर पैसे खर्च करण्याआधी भरतीचे नियम वाचावेत.

नखाएवढे स्पष्ट जग

भिंगाने गोळा केलेला प्रकाश मागच्या दृष्टिपटलावर पडतो. या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या: सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि साठ लाख शंकुपेशी. शंकू उजेडात काम करतात, बारकावे आणि रंग पाहतात. दंड अंधारात काम करतात. त्यांना रंग कळत नाही.

हे शंकू पडद्याच्या मधोमध एका इवल्याशा खळग्यात दाटीवाटीने बसलेले असतात. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढाच जगाचा तुकडा आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसत असतो. बाकीचे सगळे पुसट असते. पण नजर सेकंदाला तीनचार उड्या मारीत फिरते आणि मेंदू ते तुकडे जोडून अखंड चित्र उभे करतो. हॉलंडमधल्या हेर्मान स्नेलेन या डॉक्टरांनी १८६२ साली जो अक्षरांचा तक्ता तयार केला, तो या नखाएवढ्या खळग्याचीच परीक्षा घेतो. सहा मीटरवरून दिसायला हवे ते अक्षर सहा मीटरवरूनच दिसले, की झाले सहाला सहा. कडेची नजर, रंग, अंधार यांबद्दल तो तक्ता एक अक्षर बोलत नाही.

मेंदू जोडाजोड किती सफाईने करतो ते घरी पाहता येईल. कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि उजवीकडे सात सेंटिमीटरवर शेंगदाण्याएवढा ठिपका. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे टक लावा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण वीतभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. जिथून मज्जातंतूंचा जुडगा डोळ्याबाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणारी पेशीच नसते, हाच अंधबिंदू. पण तिथे आपल्याला भोक दिसते का? नाही. मेंदू तिथे आजूबाजूचा कागद पसरून मोकळा होतो. उणीव झाकण्याची डोळ्याची ही खोड लक्षात ठेवावी. पुढे तिचा पुन्हा उपयोग आहे.

दिवेलागणीची वेळ

झगझगीत फलाटावरून निघालेली गाडी थोड्याच वेळात मिट्ट काळोखात शिरते. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकू आठदहा मिनिटांत जुळवून घेतात. दंडांना मात्र पुरते जागे व्हायला अर्धा तास लागतो. दंडांत एक जांभळट रंगद्रव्य असते. उजेडात ते विरते, अंधारात पुन्हा तयार होते, आणि ते तयार करायला 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा आला. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, पपई, आंबा हे त्यावरचे घरगुती उपाय. मात्र भाजीला तेलाची फोडणी हवी, कारण हे सत्त्व स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. 'अ' जीवनसत्त्वाचा दृष्टिपटलाशी असलेला हा संबंध जॉर्ज वॉल्ड यांनी उलगडला, आणि १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

दिवस आणि रात्र यांच्यामधली वेळ सर्वांत फसवी. पंचवटी एक्स्प्रेस गाठायला थंडीत पहाटे घराबाहेर पडणाऱ्या मनमाडकराला ती चांगली ठाऊक असेल. अशा वेळी शंकू अर्धवट निजलेले आणि दंड अर्धवट जागे असतात. परसातली जास्वंद पाहा: दुपारी लालभडक दिसणारे फूल दिवेलागणीला काळपट होते, पण त्याच झाडाची पाने उजळ राहतात. बोहेमियातल्या पुर्किनिए या शास्त्रज्ञाने १८२५ साली याचे वर्णन केले. दंडांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून उजेड ओसरू लागला की लाल वस्तू आधी बुडते. रेल्वे संधिप्रकाशाची वेगळी परीक्षा घेते ती याचसाठी.

डोक्यातले जंक्शन

प्रत्येक डोळ्यातून दहा-बारा लाख तंतूंचा जुडगा निघतो. मेंदूच्या तळाशी दोन्ही जुडगे एकत्र येतात आणि तिथे खरोखरीचे जंक्शन लागते. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातून आलेले तंतू रूळ बदलून पलीकडे जातात. कानाकडच्या अर्ध्या भागातले आपल्याच बाजूने सरळ पुढे. परिणाम असा की दोन्ही डोळ्यांनी पाहिलेले उजवीकडचे सारे जग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात जाते, आणि डावीकडचे उजव्या अर्ध्यात. तिथून गाडी शेवटच्या स्टेशनाला, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागाला पोहोचते. पाहणे घडते ते तिथे.

दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे त्यांची चित्रे किंचित वेगळी असतात, आणि त्या फरकावरून मेंदू खोली मोजतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे या जोडीची किंमत कळेल. ज्याला इंजिन डब्याला अलगद टेकवायचे आहे त्याला ती अधिकच कळते.

लाल की हिरवा?

आता सर्वांत नाजूक परीक्षा. १८७५ सालच्या नोव्हेंबरात एका रात्री स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. उप्सालाचे प्राध्यापक फ्रित्योफ होल्मग्रेन यांना शंका आली, की सिग्नलचा रंगच ओळखता आला नसेल तर? त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी घेतल्या, रेल्वेच्या २६६ नोकरांना त्या जुळवायला सांगितल्या, आणि त्यांत तेरा जण रंगांध निघाले. त्या अपघाताचे कारण तेच होते की नाही याविषयी पुढच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. पण ते तेरा जण खरे होते आणि रेल्वेत रोज काम करीत होते. त्यानंतर रंगाची परीक्षा देशोदेशीच्या रेल्वेत शिरली. १९१७ साली जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी रंगीत ठिपक्यांत दडलेल्या आकड्यांची पाने केली, ती आजही जगभर वापरतात. आपल्या रेल्वेत त्यांच्या जोडीला रंगीत कंदिलाचीही परीक्षा असते.

शंकू तीन प्रकारचे असतात, आणि साऱ्या रंगांचा हिशेब या तिघांच्या बेरीज-वजाबाकीतून होतो. लाल आणि हिरवा वेगळा ओळखायला त्यांतले दोन प्रकार लागतात. त्यांपैकी एक नसला, की दोन्ही रंग एकाच मातकट पिवळ्या घरात जातात. असा माणूस सहाला सहा वाचतो, नेम धरतो, सुईत दोरा ओवतो. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो! अंधबिंदूसारखीच ही उणीव मेंदू झाकून ठेवतो. गवताला सगळे हिरवे म्हणतात म्हणून तोही लहानपणापासून हिरवे म्हणतो; टोमॅटो पिकला की नाही ते तो रंगाच्या उजळपणावरून ओळखतो. रस्त्यावरच्या सिग्नलला वरचा दिवा आणि खालचा दिवा एवढ्याने त्याचे भागते. पण काळोखात एक किलोमीटरवर एकच ठिपका पेटलेला असतो. तिथे वर-खाली काही दिसत नाही, तुलनेला दुसरे काही नसते. फक्त रंग असतो. इंजिनातले दोघे सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने उच्चारून सांगतात, ही आपल्याकडची पद्धत त्या एका ठिपक्याचे मोल दाखवते.

ही परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही. तंबाखू आणि दारू यांचा अतिरेक, क्षयावरचे एखादे औषध, दृष्टिपटलाचे आजार यांमुळे पुढेही रंगदृष्टी बिघडू शकते. म्हणून ड्रायव्हरला ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासतात, आणि वय वाढेल तशी ही तपासणी लवकर लवकर येते.

आजोबांकडून नातवाकडे

रंगांधत्वावर पहिला शास्त्रीय निबंध लिहिणारा जॉन डाल्टन स्वतःच रंगांध होता, आणि त्याचा भाऊही. १७९४ साली त्याने तर्क मांडला, की आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा. मृत्यूनंतर डोळा फोडून पाहावा असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये पाहिले तर द्रव पाण्यासारखा स्वच्छ! त्याच्या डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५ साली त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा हिरव्या जातीच्या शंकूचा घटकच नव्हता असे आढळले. निबंध आणि उत्तर यांमध्ये दोन शतके गेली.

हे घटक 'एक्स' गुणसूत्रावर असतात. मुलीला अशी दोन गुणसूत्रे मिळतात, एक बिघडले तरी दुसरे सावरते. मुलाला एकच, आणि तेही आईकडून. म्हणून युरोपात शंभर पुरुषांत आठ जण रंगांध, तर बायकांत दोनशेत एखादी. आपल्याकडच्या पाहण्यांत पुरुषांचे प्रमाण बहुधा याहून कमी आढळते; पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आईचे वडील रंगांध असतील तर आईला स्वतःला सारे रंग दिसतात, पण तिच्या प्रत्येक मुलाला हा वारसा मिळण्याची शक्यता निम्मी. मामा रंगांध असेल तर साधारण चारात एक. वडील रंगांध असले तरी ते हा वारसा मुलाला देऊच शकत नाहीत. कारण मुलाला त्यांचे 'एक्स' मिळतच नाही.

हा हिशेब कळला की घराघरांतला एक अन्याय थांबेल. मुलगा नापास होऊन आला की "तुझ्या माहेरचे" असे म्हणायला जीभ सैल सुटते. वारसा आईच्या हातून आला हे खरे. पण तिला तो दिसत नव्हता, तिने तो मागितलाही नव्हता. उंची किंवा कुरळे केस यांत जसा कुणाचा अपराध नसतो, तसा यातही नाही.

खरे दुःख वेगळेच आहे. मनमाडसारख्या गावात शिट्टीच्या आवाजावर लहानाचा मोठा झालेला मुलगा इंजिनाचे स्वप्न धरून बसतो, आयटीआय करतो, लेखी परीक्षेसाठी रात्री जागवतो, आणि विशीनंतर वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटांत त्याला कळते की हा रस्ता आपला नव्हता. तेच पाच मिनिटांचे काम आठव्या वर्षी झाले असते, तर? रंगांधत्वावर गोळी नाही, व्यायाम नाही. रंगीत काचांच्या चष्म्याने फरक थोडा उठावदार भासतो, पण नसलेला शंकू उगवत नाही. तेव्हा जाहिरातींना भुलू नये. मात्र वेळेवर कळले तर मुलगा हळहळ न बाळगता दुसरी वाट धरतो. हिशेब, कायदा, अध्यापन, यंत्रांची कितीतरी कामे त्याला मोकळी असतात. रेल्वेतही ऑफिसातल्या कामांना ही अट नाही.

दिवाळीत याची चाहूल घरच्या घरी लागू शकते. अंगणात रांगोळी भरताना मुलाला लाल आणि हिरव्या रंगाचे डबे न सांगता निवडायला द्या. चित्रात तो पाने तपकिरी रंगवतो का, पाहा. तो चुकला तर हसू नका आणि रागावूही नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन ठिपक्यांची पाने तेवढी वाचून घ्या. आणि भाऊबीजेला मामा येईल तेव्हा ओवाळणी झाल्यावर, फराळ चालू असताना, त्यालाही सहज विचारावे, "काय रे, तुला हे दोन रंग वेगळे दिसतात ना?" भाच्याच्या पुढच्या आयुष्याची एक गाठ तेवढ्या प्रश्नाने वेळेवर सुटेल.